मोल्डच्या ठेक्यावरचा मार्च

फेब्रुवारी संपत आला की माझे खांदे आपोआप मागे जातात. कॅलेंडर बघावं लागत नाही. तुंगारेश्वरच्या डोंगरावर वणव्याची एखादी करडी रेघ दिसते, सावरीची पानं झडून नुसती लाल फुलं उरतात, दुपारचा खारा वारा अंगाला चिकटतो. मग मी भाजी निवडत असेन किंवा बँकेच्या रांगेत उभी असेन, हनुवटी आत घेते आणि कान देऊन थांबते. खालून 'धाड' असा आवाज यायची वाट बघते. तो येत नाही, येणारही नाही. तरी शरीर थांबतं.

वसईचा मार्च कुणी कौतुकाने सांगावा असा नसतो. मोहोराचा वास आणि उघड्या गटाराचा वास एकाच झुळकीत येतात. त्यात मार्च एंडिंग. हिशेब जुळवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, हा महिना तो अंगावर काढतो. मीही काढायचे. पण एक मार्च असा आला की मी सकाळी उड्या मारत कामावर जायचे. त्या मार्चची मजा अजून अंगातून गेलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मी गोखिवऱ्याला एका प्लास्टिकच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं. खाली मशीनं, वर आम्ही. बादल्या, मग, टब आणि न्हाणीघरात बसायचे पाट असा माल. तयार झाला की टेम्पोत चढून कामणच्या गोदामात जायचा. ऑफिसला गरम प्लास्टिकचा वास कायमचा होता आणि त्यावर दुसरा वास बामचा. कुणी मानेला लावलेला, कुणी कपाळाला, कुणी मनगटाला. पाहुणा आला की विचारायचा, "कुणी आजारी आहे का?" आजारी कुणीच नव्हतं. सगळ्यांचं फक्त दुखत होतं.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. पूर्वी कामासाठी उठावं लागायचं. कपाटातली फाईल काढायला, टाईपरायटरचा कार्बन बदलायला, सहीसाठी केबिनपर्यंत जायला. कॉम्प्युटर आले आणि उठणं संपलं. शेठनी कॉम्प्युटर नवे घेतले, टेबलं मात्र तीच ठेवली, टाईपरायटरच्या काळातली. खुर्च्या कुठून कुठून जमवलेल्या. कॉम्प्युटरचा पडदा टेबलावर बसकण मारून बसलेला आणि आम्ही त्याच्यात तोंड खुपसून. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. अशा दुखण्याला नाव नसतं. ताप नाही, सूज नाही, पट्टी नाही, त्यामुळे रजाही नाही. घरी सांगितलं तर उत्तर तयार असतं, "दिवसभर बसून तर असतेस!"

एका सकाळी केस विंचरताना माझी मान अडकली ती अडकलीच. डावीकडे बघायचं तर सगळं धड वळवावं लागत होतं. स्टेशनजवळ एका मुलीने नुकतंच फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं होतं, तिथे गेले. केतकी तिचं नाव, पंचविशीची असेल. तिने मान सोडवली, चार व्यायाम शिकवले आणि म्हणाली, "मॅडम, तुमची मान मी बरी करीन. पण तुमची खुर्ची तिला परत बिघडवणार. मला तुमचं ऑफिस बघायचंय."

ती स्कूटीवरून आली. मी सगळ्यांना सांगितलं होतं की डॉक्टर येणार आहेत, त्यामुळे सगळ्या ताठ बसल्या होत्या. केतकी म्हणाली, "काम करा. मी नाहीच असं समजा." थोड्या वेळाने सगळ्या विसरल्या. ती समोर उभी राहिली नाही. बाजूने बघत होती, भिंतीला टेकून.

"तुम्ही सगळ्या कासवासारख्या डोकी बाहेर काढून बसता," ती शेवटी म्हणाली.

"शेठ आले की आत घेतो," वंदना म्हणाली. वंदना आमच्यातली सगळ्यांत लहान, बिलं करायची.

"मग शेठ आलेत असं समजून दिवसातून दहादा घ्या. हनुवटी खाली नाही, आत. दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे."

"डॉक्टर, माझं लग्न ठरायचंय. ती दिसू नये म्हणून आई मला भात देत नाही."

हसू ओसरल्यावर केतकीने शिकवायला सुरुवात केली. हनुवटी आत. खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, जणू मध्ये पेन्सिल धरली आहे. भिंतीला पाठ, डोकं, कोपरं लावून हात वर सरकवायचे. हात समोर धरून बोटं मागे ओढायची. प्रत्येक वेळी थोडं धरून ठेवायचं, मग सोडायचं. कठीण काहीच नव्हतं. कठीण होतं ते 'थोडं धरून ठेवायचं' हे. मार्चमध्ये थोडं म्हणजे किती? वंदना एवढ्यात सोडायची. दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरवर आकडे भरणारी फिलोमिना आपल्याच तंद्रीत विसरूनच जायची आणि हात वर तसेच.

उपाय खालून आला. इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन 'धाड' करून बंद होतं, माल थंड होईपर्यंत तसंच राहतं, मग 'फुस्स' करून उघडतं. दिवसभर तो आवाज आमच्या पायाखाली होता आणि आम्हाला ऐकूही येत नसे. केतकी मात्र नवी होती. तिने बोट वर केलं. "हे कसलं मशीन?"

"बादलीचं. बारकं ऐकू येतंय ते मगाचं."

"बादलीला मान," ती म्हणाली, "आणि मगाला मनगट."

दुसऱ्या दिवसापासून आमचं ऑफिस खालच्या मशीनला जोडलं गेलं. धाड, सगळ्यांच्या हनुवट्या आत. फुस्स, सुटका. धाड, पाती जवळ. फुस्स. साडीवाल्यांनी पदर खोचले, ड्रेसवाल्यांनी ओढण्या खुर्चीला अडकवल्या. पाण्याचा जग टेबलावरून हलवून मी पार दाराजवळ ठेवला, म्हणजे तहान लागली की उठावं लागेल. पहिले दोन दिवस मला शिव्या पडल्या. तिसऱ्या दिवशी जगाजवळ गप्पांचा अड्डा झाला.

शेठ जिन्यावरून वर आले तेव्हा आम्ही सगळ्या भिंतीला पाठ लावून हात वर करून उभ्या होतो.

"मॅडम, ये ऑफिस है के व्यायामशाळा? मार्च एंडिंग आहे, आणि तुमी लोक पोलिसने पकडल्यासारखे उभे!"

"शेठ, बादली थंड होईपर्यंत मशीन थांबतं ना? आम्ही पण तेवढंच थांबतो."

शेठनी खालून येणारा आवाज ऐकला, आमचे हात खाली येताना पाहिले, आणि केबिनमध्ये गेले. नाही म्हणाले नाहीत. शेठच्या बाबतीत तीच परवानगी.

मग पाट आले. केतकीचं म्हणणं असं की पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा. कारखान्यात खराब निघालेल्या पाटांचा ढीग होता. कडेला बुडबुडा आलेले, रंग फाटलेले, पण मजबूत. मी ते वर मागवले. एकेक पाट पडद्याखाली. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते त्यांनी पायाखालीही घेतले. रंगांवरून भांडण झालं. गुलाबी दोनच होते. ते सोडवायला मी सरसकट हिरवे वाटले. केतकी म्हणाली होती की प्रत्येकीची उंची वेगळी, एकेकीचं बघून लावू. पण आमच्या ऑफिसात दिवाळीचा डबा असो की वर्षाची छत्री, एकीला एक आणि दुसरीला दुसरं हे कुणी चालवून घेत नसे. "तिला पाट आणि मला नाही, ते का?" हा प्रश्न उठायच्या आत सगळ्यांच्या पडद्याखाली हिरवा पाट गेला. समान वाटप झालं की आमच्याकडे विषय संपतो.

आणि काय सांगू, लागू पडलं! पंधरवडाभरात बामचा वास विरळ झाला. वंदना एका सकाळी आली आणि म्हणाली, "मॅडम, काल मी झोपेत कूस बदलली!" जणू बोर्डात आली होती. माझी मान डावीकडे वळायला लागली. रिक्षातून जाताना डावीकडची दुकानं मला पुन्हा दिसायला लागली. मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. शाळेत असल्यापासून 'नीट बस' हे मी हजारदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ पाय जवळ, ओढणी सारखी, आवाज खाली असा असायचा. पाठीचा त्यात काही संबंध नसायचा. पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या पाठीसाठी नीट बसायला सांगत होतं.

परवा माझी भाची सांगत होती, त्यांच्या कंपनीत खुर्च्यांना वर-खाली करायच्या कळा आहेत आणि संध्याकाळी व्यायामाचा ई-मेल येतो. "मग करतेस का?" म्हटलं. "ई-मेल वाचतो ना सगळे," ती म्हणाली. सांगतानाही ती कासवच होती. तिच्या इमारतीत काचा बंद आणि खाली काही चालू नाही. धाड नाही, फुस्स नाही. तिला कोण सांगणार, आता धर, आता सोड?

तर फिलोमिना. ती पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. आमच्यात वयाने मोठी, मुली तिला फिलूआंटी म्हणायच्या. टायपिस्ट म्हणून लागली आणि कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी शिकली. तिच्या आईने जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. नवरा बोटीवर. खुर्चीवर बसून कमावणारं तिच्या घरातलं पहिलं माणूस ती. "आई वझं घेऊन चालायची तरी मान कशी सरळ," ती म्हणायची. "मी काय उचलते? आकडे. नि माजी मान बघा." तिची बोटं झरझर चालत आणि तोंडही. पंखा गरम वारा देतो, चहात पानी जास्त, एसटी थांबत नाय, सून भात मऊ करते. तिच्या कुरकुरीवर आमचा दिवस चालायचा. कुणी उदास असलं की तिला नुसतं विचारायचं, "आंटी, आज काय?" आणि ऐकत बसायचं.

त्या मार्चमध्ये तिचा वेग उतरला. आधी मला वाटलं, कामाचा ताण. मग दिसलं की ती मधेच उजवा हात खाली सोडून झटकते. बोटांना मुंग्या येत असणार. व्यायाम ती आमच्यासारखेच करत होती, बादलीला मान, मगाला मनगट. केतकी आठवड्याने चक्कर मारायची तेव्हा प्रत्येकीला विचारायची. फिलोमिनाचं उत्तर एकच, "बरी हाय, डॉक्टर." आणि गोड हसायची.

शेठनाही दिसत होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"फिलोमिनाबेनचा हात चालत नाय. मार्च एंडिंग होऊ द्या, मग त्यांना पॅकिंगमध्ये टाका. एक तारखेला नवीन मुलगी येते कॉम्प्युटरवर."

पॅकिंग म्हणजे खाली, दिवसभर उभं राहून खोकी बांधणं आणि उचलणं. त्या हाताने. मी तसं म्हटलं. शेठ म्हणाले, "मी काढत नाय ना त्यांना." त्यांच्या मते तो चांगुलपणा होता.

मी फिलोमिनाला सांगितलं. म्हटलं आता ही फुटणार, शेठच्या सात पिढ्या काढणार. तिने ऐकलं, मान हलवली, आणि पडद्याकडे वळली.

तेव्हा मला धडकी भरली. गेल्या कित्येक दिवसांत पंखा गरम वारा देतो असं कुणी म्हटलंच नव्हतं! सून, चहा, एसटी, सगळे सुखात होते. आम्ही आमच्या माना बऱ्या होण्याच्या आनंदात एवढ्या गर्क की ऑफिस शांत झालंय हे कळलंच नाही.

दुपारी नळावर डबे धुताना तिला गाठलं. "काय झालंय तुला? बोलत का नाहीस?"

ती डबा घासत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आमचे उपासाचे दिवस हायत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत. कोन मटन सोडतं, कोन दारू सोडतं. मी दरसाल चहा सोडते. या टायमाला माजा नवरा बोलला, चहा काय सोडते, हिंमत असेल तर कुरकुर सोड."

"आणि तू सोडलीस."

"सोडली. तो हरला." तिचा चेहरा क्षणभर उजळला.

"पण हात दुखतो ते डॉक्टरला सांगायचं ना!"

"दुखतंय दुखतंय बोलायचं म्हंजे कुरकुरच की."

मी डोक्याला हात लावला. धर्माच्या गोष्टीत मी पडत नाही, पण ही गोष्ट खुर्चीची होती. "फिलोमिना, कुरकुर नको करूस. माहिती दे. कुठे दुखतं, कधी दुखतं, एवढंच. आपण गोदामाला स्टॉक विचारतो तेव्हा ते कुरकुर करतात का? आकडा सांगतात."

तिला ते पटलं, पण पूर्ण नाही. म्हणाली, फादरना विचारते.

दुसऱ्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, "विचारलं. फादर हसायलाच लागले. बोलले, अगो, डॉक्टरला सांगितल्याने उपास मोडत नाय. आनि बोलले, माजी पन मान दुखते, त्या डॉक्टरणीचा पत्ता दे."

मी त्याच मिनिटाला केतकीला फोन लावला, फोन हातात धरून, खांद्यात नाही. ती दुपारी आली. फिलोमिना खुर्चीत सरळ बसली आणि गोदामाचा स्टॉक द्यावा तशी सांगत गेली. मानेत मागे, कवटीच्या खाली. तिथून खांद्यात. तिथून करंगळीपर्यंत मुंग्या. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही.

"आणि कधीपासून वाढलं?"

फिलोमिनाने विचार केला. "पाट आले तवापासून."

केतकी दचकली. "टाईप करा," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून बाजूने बघायला लागली. मीही तिच्या शेजारी उभी राहिले. फिलोमिनाने दोन ओळी टाईप केल्या. तिची हनुवटी हळूहळू वर गेली, आणखी वर, छताला काही लिहिलेलं वाचावं तशी. मान मागे मोडलेली.

"हिचा चष्मा बघा," मी म्हटलं.

नाताळात केलेला नवा चष्मा होता. दोन काचांचा, मध्ये बारीक रेघ. वरून लांबचं, खालून जवळचं. पडदा जवळचा, म्हणून ती खालच्या काचेतून बघायची. आम्ही पडदा वर चढवला होता, म्हणून तिला हनुवटी वर करावी लागत होती. आमच्या सगळ्यांच्या माना बऱ्या करणारा हिरवा पाट तिची मान रोज मोडत होता. बादलीच्या ठेक्यावर ती जे कमवायची ते पाट परत घ्यायचा.

केतकीने कपाळावर हात मारून घेतला. "मीच बघायला हवं होतं. तुम्ही 'बरी हाय' म्हणालात आणि मी पुढे गेले." मग ती हसायला लागली, मीही, आणि वंदनाने पुढे होऊन पडदा उचलून धरला. मी पाट ओढून काढला. पडदा खाली बसला. केतकीने तो थोडा मागे कलता केला. फिलोमिनाची हनुवटी खाली आली, मान पाठीच्या रेषेत आली, आणि ती म्हणाली, "अगो बाय, अक्षरं समोर आली!"

वंदनाने विचारलंच, "मग आंटीचा पाट मला?" समान वाटपाचा आग्रह सगळ्यांत आधी हिचाच होता.

दिवस थोडे उरले होते. त्या वर्षी होळी आणि त्यांचा पवित्र आठवडा एकमेकांत घुसले होते. शुक्रवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना वीज नसे, तीच आमची आठवड्याची सुट्टी. त्या शुक्रवारी गोखिवऱ्यात पोरं रंगलेली आणि पाचूबंदरला फिलोमिना गुड फ्रायडेची काळी साडी नेसून चर्चमध्ये. रविवारी ईस्टर आणि रविवारीच वर्ष संपणार. म्हणजे तिची सगळी नोंद शनिवारीच पुरी व्हायला हवी होती. कामणहून स्टॉकचे कागद आले ते तिच्याच टेबलावर गेले. मी मुद्दाम दिले. शेठना तिचा हात बघायचा होता ना? बघा.

मुंग्या एकदम गेल्या नव्हत्या. पण रोज थोड्या उशिरा येत होत्या. केतकीने तिच्यासाठी व्यायाम बदलून दिले, हाताची नस सैल करणारे, हळू करायचे. आम्ही रोज विचारायचो, ती सांगायची, "आज चहापर्यंत ठीक." दुसऱ्या दिवशी, "आज जेवनापर्यंत." ऑफिसात लॉटरी लागल्यासारखं वातावरण. कुणीतरी धावत जाऊन खाली मशीनवाल्यांनाही सांगून यायचं.

शनिवारी दुपारी शेठ तिच्या मागे येऊन उभे राहिले. आमची बोटं थांबली. फिलोमिनाची चालू होती. खालून धाड आवाज आला. शेठ मागे उभे असताना तिने हात मांडीवर ठेवले, हनुवटी आत घेतली, धरली. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. फुस्स. तिची बोटं परत कीबोर्डवर. शेवटचा कागद तिने उलटा करून ठेवला तेव्हा चहावाला अजून आलेला नव्हता.

"झालं?" शेठनी विचारलं.

"झालं. तपासा."

शेठनी तिथेच उभं राहून तपासलं. मग म्हणाले, "ईस्टरनी सुट्टी करो." आणि केबिनमध्ये गेले. पॅकिंगबद्दल हो नाही की ना नाही. मी रविवार तसाच काढला.

सोमवारी मी पोचले तेव्हा फिलोमिना आपल्या खुर्चीवर होती. टेबलावर सणाचा डबा उघडा, आणि ती आल्यापासून पंखा, एसटी, सून आणि चर्चमधल्या लाऊडस्पीकरवर बोलत होती. मुली हसून लोळत होत्या. तेवढ्यात जिन्यावरून एक बारकीशी मुलगी वर आली. दारात उभी राहिली, छातीशी पर्स धरून. शेठनी आधीच सांगून ठेवलेली नवीन मुलगी. सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीवर, आणि फिलोमिनाचा हात डब्याच्या झाकणावर थांबलेला.

केबिनमधून शेठचा आवाज आला, "मॅडम, एक टेबल अजून लावा ने. जागा करा."

म्हणजे फिलोमिनाचं पॅकिंग टळलं. फिलोमिना उठली. भिंतीजवळचं टेबल तिने स्वतःच ओढून आपल्या शेजारी लावलं, पडदा त्यावर मांडला, त्या मुलीला खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं. मग दोन पावलं सरकून तिचा चेहरा बाजूने न्याहाळला, आणि तिला नाव विचारायच्या आधी विचारलं,

"चष्मा हाय काय गो तुला?"